आण्णांना ओव्हरटेक

आमच्या घरातल्या कोणीही आजवर गाडी चालवताना अपघात केलेला नाही. जे काही झालं ते गाडी बंद असताना झालं.

गाडी म्हणजे माझे धाकटे दीर संजय भाऊजी यांची जुनी पेट्रोल जीप. चारही चाकांना जोर देणारी, चिखलातून, ओढ्यातून, कातळावरून कुठूनही वर चढणारी. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची वाडी, तिथे त्या काळी असल्याच गाडीचा उपयोग होता. भाऊजी दुबईला नोकरीला निघाले तेव्हा माझ्या नवऱ्याच्या हातात किल्ली ठेवून म्हणाले, "दादा, दर रविवारी फक्त चालू करून बंद कर. बाकी कशाला हात लावू नको."

आमचे हे बँकेत कारकून. पण बँकेने एक चांगला इंजिनिअर वाया घालवला, अशी त्यांची पक्की समजूत. दोन वर्षं त्यांनी कसाबसा हात आवरला. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी मात्र त्यांनी बॉनेट उघडलं, "जरा साफसफाई" केली, निघालेले भाग बिस्किटांच्या डब्यात ठेवले आणि संध्याकाळपर्यंत परत बसवले. डब्यात एकही भाग उरला नाही म्हणून ते भलतेच खूश होते. जीप त्या दिवसापासून चालू झाली नाही.

आणि मग फाट्यावरच्या दुकानात भाऊजींचा फोन आला. गुरुवारी दुपारच्या गाडीने वीर स्टेशनवर उतरतो, जीप घेऊन या. शुक्रवारी शिवथरच्या बाजूला मुलगी बघायला जायचंय, तिथला रस्ता आपल्या जीपशिवाय कोणाला जमायचा नाही.

हा निरोप आम्हाला मिळाला मंगळवारी. तेव्हापासून ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. (जेवले दोन्ही वेळा. लक्ष नव्हतं एवढंच.) बुधवारी सकाळी ते अंगणात येऊन म्हणाले, "महाडला मिस्त्रीकडे न्यायची. ओढत न्यायची. टोचन लावून."

"दोर लाव नि खेच," आण्णा म्हणाले. आण्णा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म एस्टीवर ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण अजून घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना दारात थांबून दोन्ही बाजूंना बघायचे.

"दोर नाही चालणार, आण्णा. उतारावर मागची गाडी पुढचीवर आदळते. मी वाचलंय. लोखंडी दांडा पाहिजे, पिन पाहिजे, आणि दांडा तुटला तर म्हणून वर साखळी पाहिजे."

"वाचलंय," आण्णा माझ्याकडे बघून म्हणाले. "बॉनेट पन यानं वाचूनच उघडलं."

पण दांड्याचं ह्यांचं म्हणणं खरंच बरोबर होतं, हे मला इथे प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. त्या दिवशी त्या एका माणसाने सगळं बरोबर केलं. चुकलो ते बाकीचे.

महाडचे इकबालभाई ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांचा मालवाहतुकीचा टेम्पो होता. गुरुवारी सकाळी ते टेम्पो घेऊन वर आले आणि येताना वेल्डरकडून दांडा घेऊन आले. पुरुषभर लांब, मनगटाएवढा जाड, दोन्ही टोकांना कडी. एक कडी टेम्पोच्या मागच्या हुकाला, दुसरी जीपच्या पुढच्या बंपरला. दोन्हीकडे वरून आरपार एक जाड पिन, आणि ती पिन हादऱ्यांनी वर उसळू नये म्हणून तिच्या खालच्या टोकाला भोक, त्या भोकात तारेची एक छोटी चाप. साखळी आमच्याच गोठ्यातली घेतली. म्हशीला तेवढ्यापुरतं सुंभाने बांधलं.

तयारी झाल्यावर ह्यांनी खिशातून कागद काढला. वाडीतली निम्मी माणसं अंगणाच्या दगडी गडग्यावर येऊन बसली होती, त्यामुळे ह्यांचा आवाज जरा चढला होता. ते वाचणार आणि मी गाडीभोवती फिरून बघून उत्तर देणार, असं ठरलं.

"गिअर?"

"न्यूट्रल."

"बाजूची छोटी लिव्हर?"

"ती पण न्यूट्रल."

"हँडब्रेक?"

"सोडला."

"साखळी?"

"लावली."

"मागे लाल कापड?"

"आईंचा खण बांधलाय."

"पिन?"

"आहे. दोन्हीकडे."

"चाप?"

टेम्पोकडची चाप जागेवर होती. जीपकडची कुठेच दिसेना. मी वाकून अंगणात शोधली. तिथे कोंबड्यांनी सकाळपासून उकरून ठेवलेलं, त्यात तारेचा तुकडा काय सापडणार. गडग्यावरची माणसं बघत होती, हे कागदावर पेन टेकवून उभे होते. मी अंबाड्यातला आकडा काढला, पिनेच्या भोकात घातला आणि टोकं वाकवून टाकली. अगदी बरोब्बर बसला.

"आहे," मी म्हणाले.

खरं सांगते, मला तेव्हा स्वतःचं इतकं कौतुक वाटलं होतं. महाडला पोचल्यावर सगळ्यांना सांगायचं, असं मी ठरवूनही टाकलं.

मग जीपच्या स्टिअरिंगवर कोण बसणार, हा प्रश्न आला. इकबालभाई टेम्पो चालवणार. हे टेम्पोच्या मागच्या हौद्यात उभे राहून एका हातात लाल, एका हातात हिरवं फडकं घेऊन दोन्ही गाड्यांमध्ये इशारे करणार. राहिले आण्णा.

"मी नाय बसायचा," आण्णा म्हणाले. "तीस वर्षं लोकांना घेऊन फिरलो. आता मला मागनं खेचत न्यायला मी काय ओंडका हाय?"

ते सरळ टेम्पोच्या केबिनमध्ये इकबालभाईंच्या शेजारी जाऊन बसले. आता उरले मी. मी महाडच्या एका ड्रायव्हिंग क्लासमध्ये नुकतेच दहा धडे घेतले होते आणि माझ्याकडे शिकाऊ परवाना होता. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, परवान्याकडे पाहिलं, दुसरं कोणी दिसतंय का ते पाहिलं, आणि मान हलवली.

आण्णांनी केबिनच्या खिडकीतून मला जवळ बोलावलं. "सुमन, इकडं ऐक. तुला चालवायचं काय नाय. टेंपो जाईल तसं फक्त चाक फिरवायचं. आणि ब्रेकला पाय लावायचा नाय. काय पन झालं तरी नाय. तू ब्रेक मारलास तर दांडा वाकंल, पिन तुटंल, सगळाच घोळ. समजलं?"

"काही झालं तरी नाही," मी म्हणाले.

"शाब्बास."

मी चढून बसते तोच शेजारच्या सीटवर सासूबाई येऊन बसल्या. नवी साडी, केसांत फूल, मांडीवर भाऊजींसाठी वाफवलेल्या गोड सांदणांचा डबा. टेम्पोच्या केबिनमध्ये त्यांना डिझेलच्या वासाने मळमळतं. आणि पोरगा दोन-अडीच वर्षांनी येतोय तर स्टेशनावर आधी आईच दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

ह्यांनी हिरवं फडकं हलवलं. टेम्पो गुरगुरला, दांडा ताठ झाला आणि जीप हलली. गडग्यावरून टाळ्या पडल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. दहा धड्यांत एकदाही माझी गाडी इतकी अलगद सुटली नव्हती.

वाडीपासून फाट्यापर्यंत सगळं झकास झालं. टेम्पो वळला की मी वळायची, हे लाल फडकं दाखवायचे, टेम्पो हळू व्हायचा, दांड्यामुळे जीपही आपोआप हळू व्हायची. सासूबाई दोन्ही बाजूच्या ओळखीच्या माणसांना हात करत होत्या. फाट्यावरून डांबरी रस्ता लागला आणि पोलादपूरच्या दिशेने लांब उतार सुरू झाला. रस्त्याला खड्डे होते. टेम्पो एका खड्ड्यातून गेला, मग आमची पुढची चाकं त्याच खड्ड्यातून गेली, आणि खण्ण असा आवाज झाला.

दांडा खाली पडला. टेम्पोच्या मागे तो डांबरावर ठिणग्या उडवत घासत चालला होता आणि त्याचं आमच्याकडचं टोक मोकळं होतं.

पहिल्यांदा मला काहीच वाटलं नाही, कारण जीप चालतच होती. उलट आधीपेक्षा छान चालत होती.

"झाली वाटतं चालू," सासूबाई म्हणाल्या. "बघ. उगाच म्हाडला नेत व्हते."

"आई, इंजिन बंद आहे."

"मग चालतेय कशी?"

"उतारावर. दांडा सुटलाय, आई. पण घाबरू नका, साखळी आहे."

सासूबाईंनी डब्याचं झाकण घट्ट केलं. "कंची साखळी?"

"आपली गोठ्यातली. ह्यांनी लावलीय ना."

"ती व्हय? ती मी काढली गो निघताना. म्हस सुंभ तोडून भाजीत शिरली व्हती. एवढी माणसं बघत बसली, एकाला उठवंना. साखळी लोंबतच व्हती, ती घेतली नि बांधली तिला."

मी पुढे पाहिलं. टेम्पोच्या हौद्यात हे दोन्ही हात वर करून लाल आणि हिरवं दोन्ही फडकी एकदम हलवत होते. त्याचा अर्थ आमचा ठरलेला नव्हता. तेवढ्यात दांड्याचा खणखणाट ऐकून इकबालभाईंनी टेम्पो हळू केला, आणि ह्यांचा चेहरा भराभर मोठा होत माझ्याकडे येऊ लागला.

आता कोणीही शहाणं माणूस काय करील? ब्रेक लावील. ब्रेक अगदी उत्तम होते, साफसफाईतून वाचलेला तो एकच भाग. पण माझ्या डोक्यात आण्णांचा आवाज घुमत होता. काय पन झालं तरी नाय. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि मी सासऱ्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. मी पाय उचलून सीटखाली घेतला, चाक उजवीकडे फिरवलं आणि टेम्पोला ओव्हरटेक केलं.

केबिनच्या बरोबरीला आलो तेव्हा आण्णा इकबालभाईंच्या पलीकडे, खिडकीत कोपर टेकवून समोर बघत होते. शेजारून एक जीप आवाज न करता पुढे चालली आहे, हे त्यांना आधी कळलं. ती आपली आहे, हे नंतर कळलं. तिच्यात आपली बायको आहे, हे कळेपर्यंत सासूबाई खिडकीतून वाकून त्यांना सांगत होत्या, "आमी व्हतो पुढं. तुमी या सावकास."

माझ्या मागून आण्णांचा आवाज आला. काय ओरडले ते वाऱ्यात कळलं नाही. "ब्रेक" हा शब्द त्यात होता, पण तो मार म्हणून होता की नको म्हणून, हे ऐकू येण्याइतकी मी जवळ उरले नव्हते.

मग समोरून एस्टी आली. मी हॉर्न दाबला. बॅटरी केव्हाचीच मेलेली. सासूबाईंनी जागेवरूनच हाताने एस्टीला बाजूला हो म्हणून खूण केली, आणि काय आश्चर्य, एस्टी झाली. बाजूने जाताना खिडक्यांतून एकेक तोंड बाहेर आलेलं मला अजून दिसतं. आधी ती तोंडं आमच्याकडे बघत होती, मग आमच्या मागून हौद्यात नाचत येणाऱ्या माणसाकडे. ड्रायव्हर आण्णांच्या हाताखाली शिकलेला होता. त्याने सवयीने सलाम केला, आम्हाला.

मला वाटलं आपण शंभरच्या वेगाने चाललोय. (इकबालभाई पुढे म्हणाले, "वहिनी, फार तर पंचवीस." मी त्यांच्याशी वाद घातला नाही, घालायला हवा होता.) चाक हातात थरथरत होतं, घाम फुटला होता, आणि खोटं कशाला बोलू, आतून मला भयंकर मजाही येत होती. हाताखाली गिअर नाही, पायाखाली क्लच नाही, शेजारी "अहो बाई, अहो बाई" करणारा मास्तर नाही. मी आणि रस्ता.

"सुमे," सासूबाई म्हणाल्या, "जरा दमानं घे. सांदणं मोडतायत."

उतार संपला. जीप आपली आपणच मंदावत चालली. पुढे ओढ्यावरच्या मोरीच्या अलीकडे चहाची टपरी होती, बाहेर बाकडं, बाकड्यावर दोन माणसं. चालत्या माणसानेही मागे टाकावं इतका वेग उरला, तेव्हा मला एकाएकी धीर आला आणि मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. जीप बाकड्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. बाकड्यावरची माणसं उठली नाहीत. टपरीवाल्याने गाळणी हातात धरून विचारलं, "दोन देऊ?"

"पाच दे," सासूबाई म्हणाल्या. "मागनं तिघं येतायत."

तिघं आले. आण्णा पहिले उतरले. त्यांचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता. ते आधी सासूबाईंकडे गेले, त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मग माझ्याकडे वळले.

"ब्रेक का नाय मारलास?"

"तुम्हीच म्हणाला होतात."

आण्णा बाकड्यावर बसले आणि कोणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "तीस वर्षांत एका कंडाक्टरनं माझं ऐकलं नाय."

हे मात्र दांड्याला चिकटले होते. जीपचा बंपर बघितला, टेम्पोचा हुक बघितला, कागद काढून परत वाचला. "मी सगळं विचारलं होतं," ते म्हणत होते. "चाप विचारली होती. तू 'आहे' म्हणालीस." तेवढ्यात इकबालभाई मागे खड्ड्यापर्यंत चालत जाऊन पिन घेऊन आले. पिनेच्या भोकात माझा आकडा अर्धा तुटून लटकत होता. त्यांनी तो काढून अदबीने माझ्या हातावर ठेवला. "वहिनी, हे तुमचं."

सासूबाई म्हणाल्या, "म्हसीचं मी सांगते," आणि त्यांनी सांगितलं. ह्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला तो परत काढला नाही.

दुसऱ्या खेपेला दांडा इकबालभाईंनी एकट्यांनी लावला. आम्हा चौघांना त्यांनी टपरीच्या मागे उभं केलं आणि काम होईपर्यंत पुढे येऊ दिलं नाही. पिनेला जाड तार दोनदा पिरगाळून बसवली, टेम्पोतली स्वतःची साखळी दोन्हीकडे आडवीतिडवी बांधली, तीनदा लाथ मारून बघितली. मग विचारलं, "आता चाकावर कोण?"

"मी बसतो," आण्णा म्हणाले. ओंडक्याचं काही बोलले नाहीत.

"नको," सासूबाई म्हणाल्या. "सुमन बसंल. तिला जमतं आता."

मीच बसले. पोलादपूर मागे पडलं, हायवे लागला, आणि महाड आलं. ह्यांनी वाटेत फक्त हिरवं फडकं दाखवलं, तेही छातीशी धरून.

महाडला मिस्त्रीने बॉनेट उघडलं, आत बोट घातलं आणि विचारलं, "हितला रोटर कुठाय?" रोटर म्हणजे बाटलीच्या बुचाएवढी एक काळी वस्तू असते. ती नसली तर गाडी सुरू होत नाही, एवढंच तिचं काम. ह्यांनी ती साफ करायला काढली होती आणि ती बिस्किटांच्या डब्यात पडलीच नव्हती, म्हणून मोजण्यातही आली नाही. मिस्त्रीने फळीवरून एक रोटर काढला, बसवला, दुसरी बॅटरी जोडून किल्ली फिरवली. जीप लगेच बोलू लागली.

"एवढ्यासाठी इथवर ओढून आणलीत?" मिस्त्री म्हणाला. "एस्टीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी द्यायचीत. त्याच्याच हातून रोटर पाठवला असता, बसल्या जागी."

ह्यांनी वर छताकडे बघितलं. आण्णांनी ह्यांच्याकडे बघितलं. इकबालभाई काहीतरी आणायला म्हणून रस्त्याच्या पलीकडे गेले आणि तिथे खांबाला धरून हसताना मी त्यांना पाहिलं.

वीरला आम्ही वेळेत पोचलो. आण्णांनी जीप चालवली. गाडी आली, भाऊजी उतरले, सासूबाई त्यांच्या गळ्यात पडल्या, सांदणं जिथल्या तिथे फलाटावरच संपली. बाहेर आल्यावर भाऊजींनी जीपला एक चक्कर मारली, बॉनेटवरून हात फिरवला. "मस्त ठेवलीस, दादा."

"रविवार चुकवला नाही," हे म्हणाले.

सामान चढवताना भाऊजी एकदम हसायला लागले. "वहिनी, आत्ता इथला रिक्षावाला काय सांगत होता माहीत आहे? सकाळी पोलादपूरच्या उतारावर एका बाईनं बंद जीप पळवून स्वतःच्या सासऱ्याला ओव्हरटेक केलं म्हणे. सासू शेजारी बसून हात करत होती. कुठल्या घरातली असतील ही माणसं?"

"असतील कुठली तरी," मी म्हणाले आणि मागच्या सीटवर, चाकापासून सगळ्यात लांब जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मुलगी बघायला गेलो. घर चांगलं होतं, मुलगी चुणचुणीत होती. तिने चहा देताना माझ्याकडे आणि सासूबाईंकडे दोनदा निरखून पाहिलं, तेव्हा मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पण तिकडून होकार आला, लग्न झालं आणि शुभांगी माझी जाऊ होऊन घरात आली.

महिन्याभराने एकदा दोघी भांडी लावत असताना मला राहवलं नाही. मी तिला त्या दिवशीचं सगळं खरं खरं सांगितलं, आकड्यासकट. ती शांतपणे वाट्या पुसत राहिली.

"मला तेव्हाच कळलं होतं, वहिनी. आमच्या गावात तुम्ही यायच्या आदल्या संध्याकाळीच बातमी आली होती. फक्त आमच्याकडे ती जरा वेगळी पोचली."

"वेगळी म्हणजे?"

"त्या घरातली सासू आणि थोरली सून जीप घेऊन पळून गेल्या, सासरा आणि नवरा टेम्पोतून मागे लागलेत, असं."

"अगं बाई. आणि तरी तू हो म्हणालीस?"

"दोघी परत आलेल्या दिसल्या, तेव्हा जरा विचार केला," शुभांगी म्हणाली. "पण म्हटलं, एकदा गेल्यात तर पुन्हा जातील. मागची सीट रिकामीच असते."